घरात स्मोक अलार्म आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा) अलार्म लावायचेत, बडोद्यात नियम काय आहे, कुठले घ्यायचे, कुठे लावायचे?

मांडवीची_सून | २ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मांडवीजवळ आमचा सासरचा जुना वाडा आहे, खाली आम्ही राहतो, वरच्या दोन खोल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या मुलींना भाड्याने दिल्यात. जिना लाकडी, माळा लाकडी, वायरिंग अर्धं नवीन अर्धं सासऱ्यांच्या काळातलं. वरच्या न्हाणीत गॅस गीझर आहे. परवा नळ गळतो म्हणून वर गेले तर न्हाणीच्या झरोक्यात थर्माकोल बसवलेला, कडेने सेलोटेप. मुली म्हणाल्या काकी गार वारा येतो आणि डासपण येतात. मी तो तिथल्या तिथे काढला आणि गीझर बंद करून टाकला, आता पाणी खालून बादलीने नेतायत बिचाऱ्या.

नणंद इंग्लंडला असते, ती म्हणाली तिकडे भाड्याच्या घरात स्मोक अलार्म आणि सीओ अलार्म नसला तर घरमालकाला दंड होतो. आपल्याकडे असं काही आहे का? आणि नसलं तरी मला लावायचेच आहेत, परक्यांच्या मुली आपल्या भरवशावर राहतायत. पण ऑनलाइन बघायला गेलं तर गॅस डिटेक्टर, स्मोक डिटेक्टर, टू इन वन, थ्री इन वन, काहीच उमगत नाही. शिवाय खाली सासूबाईंचं देवघर आहे, रोज धूप असतो, तर ते सारखं कोकलत बसेल का हीपण काळजी.

मांजलपूरकर | २ डिसेंबर, रात्री १०.१५

ताई चांगला विषय काढलात. आमच्या सोसायटीत लॉबीत गोल पांढरे डिटेक्टर आहेत, फ्लॅटच्या आत एकही नाही. मी सेक्रेटरी आहे म्हणून नियमाचं तेवढं सांगू शकतो. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ आहे, त्याचा भाग ४ आगीबद्दल आहे, पण तो कोड राज्याने किंवा महानगरपालिकेने आपल्या नियमात घेतला तरच बंधनकारक होतो. गुजरातचा स्वतःचा फायर सेफ्टीचा कायदा २०१३ चा आहे. या सगळ्याचा भर उंच इमारती, हॉस्पिटलं, शाळा, मॉल यांच्यावर. पंधरा मीटरच्या वर गेलात की हायराइज, मग हायड्रंट, पंप, फायर एनओसी सगळं मागे लागतं. पण वाडा, टेनामेंट, छोटं घर यांना खोलीत स्मोक अलार्म लावाच असं कोणी म्हणत नाही, आणि घरातल्या सीओ अलार्मची सक्ती तर देशभरात कुठेच नाही. म्हंजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नियम नाही.

निवृत्त_रिफायनरी | २ डिसेंबर, रात्री ११.०५

मांडवीच्या ताई, थर्माकोल काढलात आणि गीझर बंद केलात, आधी हे सांगतो की यापेक्षा मोठं काम तुम्ही अलार्म विकत घेऊन केलं नसतं. माझी नोकरी कोयलीला प्लांटमध्ये गेली, तिथे शर्टाच्या खिशाला सीओ मीटर लावल्याशिवाय काही भागांत पाऊल टाकू देत नसत, आणि घरी आलो की लोक तोच गॅस बंद न्हाणीत तयार करून त्यात आंघोळ करताना बघायचो, म्हणून या विषयावर मी जरा लांब लिहिणार आहे, वाचा.

आधी हे तीन वेगळे धोके आहेत आणि तीन वेगळी यंत्रं आहेत हे डोक्यात पक्कं करा, दुकानदार सगळ्याला गॅस डिटेक्टर म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. पहिलं म्हणजे न जळलेला गॅस, बाटल्यातला एलपीजी किंवा पाइपातला पीएनजी. त्याला मुद्दाम वास घातलेला असतो, तो गळला तर नाकाला कळतो, आणि त्याचं यंत्र वेगळं. दुसरं धूर. तिसरं कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ, जो गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल काहीही अपुऱ्या हवेत जळलं की होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गळतीचं यंत्र त्याच्यासमोर गप्प बसतं आणि स्मोक अलार्मही गप्पच बसतो. किचनमध्ये गॅस डिटेक्टर आहे म्हणून न्हाणीतल्या गीझरची काळजी नाही असं समजणारी चार घरं तरी माझ्या ओळखीची असतील.

लावायची जागासुद्धा यावरूनच ठरते. एलपीजी हवेपेक्षा जड, दीडदोन पट, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचं यंत्र खाली, फरशीपासून फूटभर उंचीवर. पीएनजी म्हणजे बहुतेक मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून त्याचं यंत्र छताजवळ. बडोद्यात निम्म्या घरांनी बाटला सोडून पाइप घेतला पण डिटेक्टर होता तिथेच खाली राहिला, त्याचा उपयोग शून्य. सीओचं वजन हवेच्या जवळपास सारखंच, तो खोलीत सगळीकडे पसरतो, म्हणून त्याचा अलार्म पलंगाशेजारी टेबलावरही चालतो, भिंतीवरही चालतो, सोबतच्या कागदावर लिहिलं असेल तसा लावा. पडद्यामागे, कपाटात, पंख्याच्या थेट झोतात नको एवढंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सीओ अलार्म न्हाणीच्या आत लावायचा नसतो, वाफेने सेन्सर बिघडतो. म्हणजे न्हाणीतल्या गीझरवर अलार्म हा उपाय होऊच शकत नाही. गीझर न्हाणीतून बाहेर काढणं हाच उपाय.

सुरसागर_७२ | ३ डिसेंबर, सकाळी ७.३०

काका तुमचा अनुभव मान्य, पण आमच्याकडे वर्षानुवर्षं न्हाणीतच गॅस गीझर आहे, ज्योत निळी आहे, दरवर्षी सर्व्हिस करतो, वर छोटी खिडकी आहे. इलेक्ट्रिक गीझर लावला तर हिवाळ्यात लाइट बिल कुठल्या कुठे जातं. इतकं घाबरवायची गरज आहे का? सगळ्या बडोद्यात हेच चाललंय.

निवृत्त_रिफायनरी | ३ डिसेंबर, सकाळी ८.४०

सुरसागर, तुम्हाला घाबरवत नाही, हिशेब मांडतो, तुम्हीच तपासा.

सहा लिटरचा गीझर, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी गरम करणारा, याला साधारण १२ किलोवॉटची आग लागते. स्वयंपाकाच्या शेगडीचा मोठा बर्नर तीनच्या आसपास. म्हणजे न्हाणीत चार मोठे बर्नर फुल्ल लावून दार लावल्यासारखं आहे. गॅस कुठलाही असू दे, एक किलोवॉट-तास उष्णता काढायला अंदाजे एक घनमीटर हवा जळते. दहा मिनिटं आंघोळ म्हणजे दोन किलोवॉट-तास, म्हणजे दोन घनमीटर हवा. आता आपली न्हाणी मोजा, पाच बाय सात फूट, उंची आठ, एकूण २८० घनफूट, म्हणजे सुमारे ८ घनमीटर. दहा मिनिटांत पाव न्हाणीचा ऑक्सिजन खलास, म्हणजे २१ टक्क्यांवरून सोळाच्या खाली, बाहेरून हवा येत नसेल तर. जळालेला वायू कुठे गेला? कुठेच नाही, हे छोटे गीझर बहुतेक बिनधुराड्याचे असतात, तो तिथेच फिरतो आणि परत बर्नरच्या तोंडाशी येतो. ऑक्सिजन असा उतरला की गॅस अर्धवट जळतो आणि सीओ व्हायला लागतो. एकामागून एक तिघं आंघोळीला गेले, मध्ये दार नीट उघडलं नाही, की तिसऱ्याच्या वाट्याला काय येतं बघा. आणि तो तिसरा बऱ्याचदा घरातलं सगळ्यात धाकटं नाहीतर सगळ्यात म्हातारं माणूस असतं.

निळी ज्योत चांगलीच, पिवळी किंवा काजळी धरणारी ज्योत दिसली तर ताबडतोब बंद करा, पण तुम्ही निळी ज्योत बघता ती दार उघडं असताना. दार लावून दहाव्या मिनिटाला कोण ज्योतीकडे बघतो, डोळ्यांत साबण असतो.

आणि खिडकी वर एकच असून भागत नाही. हवा आत यायला खाली जागा लागते, दाराला खालून जाळी नाहीतर फट, आणि बाहेर जायला वर. काही लोक एक्झॉस्ट फॅन लावून निश्चिंत होतात, पण खालून हवा यायला वाट नसेल तर फॅन खोलीतली हवा खेचत राहतो आणि बर्नरला हवा आणखीच कमी पडते, धुराडं असलेला गीझर असेल तर त्यातला वायू उलटा खोलीत येतो.

लाइट बिलाचं म्हणाल तर गॅस गीझर सोडा असं मी म्हणतच नाही. तो बाहेर लावा, गॅलरीत, मागच्या उघड्या पॅसेजमध्ये, चौकात, आणि गरम पाण्याची तेवढी पाइप आत आणा. आपल्या जुन्या घरांत बंब चौकात नाहीतर परसात पेटायचा, आत यायचं ते पाणी, विस्तव नव्हे.

बडोद्याचा_डॉक्टर | ३ डिसेंबर, दुपारी २.२०

काकांच्या हिशेबाला माझ्याकडून वैद्यकीय बाजू जोडतो कारण हे पेशंट मी पाहिलेत आणि चुकीच्या नावाखाली आलेले पाहिलेत.

सीओ रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट जास्त घट्ट चिकटतो. श्वास चालू आहे, हवा आत जातेय, पण ऑक्सिजन वाहून नेणारी जागाच अडवलेली. सुरुवात डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, पायांत बळ नसल्यासारखं. म्हणून लोक त्याला पित्त म्हणतात, व्हायरल म्हणतात, उपाशीपोटी आंघोळीला गेलं म्हणून चक्कर आली म्हणतात. मग एकदम शुद्ध हरपते, कधी झटके येतात. भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी याला गॅस गीझर सिंड्रोम असं नावच दिलंय, कारण न्हाणीत झटका आला म्हणून पेशंटला फिट्सची औषधं सुरू होतात आणि गीझरबद्दल कोणी विचारतच नाही. न्हाणीत माणूस बेशुद्ध सापडला तर डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगा की आत गॅस गीझर चालू होता. हे एक वाक्य फार उपयोगाचं आहे.

आता एक गोष्ट जी कोविडनंतर जास्त धोक्याची झालीय. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. सीओ बाधलेल्या माणसाला तो लावला तर ९८ दाखवतो, कारण सीओ चिकटलेलं आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या मशीनला सारखंच दिसतं. आकडा बघून घरीच झोपवून ठेवू नका. हॉस्पिटलमध्ये रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन मोजावं लागतं. उपचार म्हणजे मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला सीओ निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासदीड तास. म्हणून वेळ घालवायचा नाही, १०८ बोलवा.

वाचवायला जाताना: दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला ओढत बाहेर मोकळ्यावर आणा. आत बसून पाणी मारत, हाका मारत राहू नका, तुम्हीही तिथेच पडाल. आणि न्हाणीची कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा, दार तोडण्यात जाणारी मिनिटं फार महागात पडतात.

गरोदर बाई घरात असेल तर दुप्पट काळजी घ्या, आईला फारसं काही जाणवलं नाही तरी पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. बरं वाटल्यावरही काही जणांना दिवसांनी, आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यात बदल असं दिसतं, तेव्हा परत दाखवा.

लक्षात ठेवायची खूण, घरात असताना डोकं दुखतं आणि बाहेर गेलं की थांबतं, आणि घरातल्या सगळ्यांनाच एकदम होतं, तर सीओचा संशय घ्या.

लेस्टरहून | ३ डिसेंबर, रात्री ११.३०

मीच ती नणंद 🙂 वहिनीने लिंक पाठवली. इकडचं नक्की काय आहे ते लिहिते. इंग्लंडमध्ये २०१५ पासून भाड्याच्या घरांना नियम होता, १ ऑक्टोबर २०२२ पासून तो आणखी कडक केला. राहत्या प्रत्येक मजल्यावर निदान एक स्मोक अलार्म, आणि ज्या राहत्या खोलीत कायमची बसवलेली जळणाची वस्तू आहे, बॉयलर, फायरप्लेस वगैरे, तिथे सीओ अलार्म. स्वयंपाकाची गॅस शेगडी यातून वगळलीय. नवीन भाडेकरू येतो त्या पहिल्या दिवशी अलार्म चालू आहे हे घरमालकाने तपासायचं, पुढे बिघडला असं भाडेकरूने कळवलं की दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचा, आणि ऐकलं नाही तर पाच हजार पाउंडांपर्यंत दंड. स्कॉटलंड तर अजून पुढे आहे, तिथे फेब्रुवारी २०२२ पासून भाड्याचं असो की स्वतःचं, प्रत्येक घरात अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत, एक वाजला की सगळे वाजतात. आणि स्वयंपाकघरात धुराचा नाही तर उष्णतेचा अलार्म.

मी स्वतः आमच्या भाडेकरारात हे सगळं वाचलंय, घरमालक किल्ल्या देताना बटण दाबून आवाज ऐकवतो. वहिनी तुझ्या मुलींच्या करारात पण एक ओळ घाल, झरोका बंद करायचा नाही आणि अलार्म काढायचा नाही.

एडिसनकर | ४ डिसेंबर, पहाटे ५.१०

मूळ बडोदा, रावपुरा. न्यू जर्सीत घर विकताना किंवा नवीन भाडेकरू ठेवताना स्मोक अलार्म, सीओ अलार्म आणि हाताने वापरायचा फायर एक्स्टिंग्विशर तिन्ही असल्याचं सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. माणूस येऊन शिडी लावून बघतो. अमेरिकेत एनएफपीए ७२ नावाचं स्टँडर्ड आहे त्याप्रमाणे स्मोक अलार्म प्रत्येक बेडरूमच्या आत, बेडरूमच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये आणि प्रत्येक मजल्यावर. महिन्यातून एकदा बटण दाबून टेस्ट, आणि दहा वर्षं झाली की चालत असला तरी बदलायचा. सीओ अलार्म झोपायच्या खोल्यांच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर.

आवाजाची भाषा पण शिकून घ्या, घरातल्या मुलांनाही शिकवा. तीन बीप आणि थांबा, तीन बीप आणि थांबा म्हणजे आग. चार बीप आणि थांबा म्हणजे सीओ. मिनिटाला एक बारीकशी टुक म्हणजे बॅटरी संपत आलीय किंवा यंत्राचं आयुष्य संपलंय. त्या टुकला कंटाळून लोक बॅटरी काढून ठेवतात, तेवढं करू नका.

ग्वाल्हेरची_थंडी | ४ डिसेंबर, सकाळी १०.००

बडोद्याची थंडी ती काय, आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लश्कर भागात जानेवारीत पारा चार-पाचवर येतो आणि खोलीत सिगडी पेटवतात. गीझरइतकाच हा विषय मोठा आहे म्हणून लिहिते. लोक काय करतात, कोळसा अंगणात पेटवतात, धूर पूर्ण गेला, निखारे लालबुंद झाले की मग सिगडी आत आणतात आणि दार लावून झोपतात, का तर आता धूर नाही. पण धूर गेलेल्या निखाऱ्यातूनच सीओ सगळ्यात जास्त निघतो ना काका? दर हिवाळ्यात पेपरात बातमी असते, सकाळी दार उघडलं नाही म्हणून शेजाऱ्यांनी तोडलं.

निवृत्त_रिफायनरी | ४ डिसेंबर, सकाळी १०.४५

अगदी बरोबर बोललीस. निखाऱ्याला वरून राख धरली की हवा कमी मिळते, जळणं अर्धवट, सीओ भरपूर, आणि धूर नसल्याने स्मोक अलार्मलाही पत्ता लागत नाही. झोपायच्या खोलीत सिगडी नको, रात्रभर तर नकोच, खिडकी अर्धी उघडी ठेवली तरी नको. ज्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसांमुळे सिगडी सुटतच नाही त्यांनी निजण्याआधी ती बाहेर काढायची, विझवून नव्हे, उचलून बाहेर. आणि सीओ अलार्म अशा घरात आधी हवा.

आता अलार्म कधी वाजतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं गॅस आला की लगेच वाजेल. अमेरिकेच्या यूएल २०३४ स्टँडर्डप्रमाणे हवेत ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) सीओ असेल तर एक ते चार तासांत, १५० असेल तर १० ते ५० मिनिटांत, ४०० असेल तर ४ ते १५ मिनिटांत वाजायला हवा. युरोपच्या ईएन ५०२९१ मध्ये ५० पीपीएमला तास ते दीड तास, १०० ला १० ते ४० मिनिटं, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. मुद्दाम असं ठेवलंय, थोडा सीओ बराच वेळ आणि जास्त सीओ थोडा वेळ यांचा शरीरावर परिणाम सारखाच होतो म्हणून. हे झोपलेल्या माणसासाठी उत्तम आहे, रात्री हळूहळू वाढणाऱ्या सीओवर त्याला वेळेत उठवतं. बंद न्हाणीत मात्र सीओ हजारांत जाऊ शकतो, ३२०० पीपीएमला पाच-दहा मिनिटांत डोकं धरतं आणि अर्ध्या तासात माणूस दगावतो. म्हणून परत तेच म्हणतो, गीझर बाहेर.

विकत घेताना खोक्यावर ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ लिहिलेलं बघा. काहीच लिहिलं नसेल तर कितीही स्वस्त असला तरी नको. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरवाला घ्या. मागे बदलायची तारीख छापलेली असते, पाच, सात नाहीतर दहा वर्षं, ती मार्करने पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. आणि टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर जिवंत आहे की नाही ते बहुतेक यंत्रांत त्यातून कळत नाही, म्हणून तारीख पाळायलाच हवी.

वायरमन_प्रतापनगर | ४ डिसेंबर, रात्री ८.१५

धंदा इलेक्ट्रिकचा म्हणून एक सांगतो, यात खूप लोक फसतात. मार्केटमध्ये जो गोल स्मोक डिटेक्टर स्वस्तात मिळतो तो पुष्कळदा पॅनलवाला असतो, म्हणजे मुख्य कंट्रोल पेटीला जोडायचा, मोठ्या बिल्डिंगसाठी. त्याला बेस, दोन वायर आणि पॅनल लागतं, एकटा छताला चिकटवला तर धूर आला की लाल दिवा लागेल फार तर, आवाज येणार नाही कारण त्यात भोंगाच नाही. एका पार्टीकडे गेलो तर सहा खोल्यांत सहा लावलेले, वायर एकालाही नाही, आणि लावून देणाऱ्याने पैसे पूर्ण घेतलेले. घरासाठी स्टँड अलोन स्मोक अलार्म मागायचा, बॅटरीवर चालणारा, आतच भोंगा असलेला. समोर बटण दाबून कान फुटेल असा आवाज आला तरच पैसे द्या. शक्य असेल तर एकमेकांना वायरलेस जोडणारे घ्या, वाड्यात खाली लागलं तर वर झोपलेल्याला ऐकू यायला पाहिजे. प्रकार विचारला तर फोटोइलेक्ट्रिक सांगा, धुमसणारी आग तो लवकर पकडतो, आणि आपल्याकडे जुनं वायरिंग, गादी, लाकूड आधी धुमसतंच.

जागा छताच्या मध्याला. भिंतीवर लावायचा झाला तर छतापासून फूटभराच्या आत. पंख्याच्या अगदी बाजूला नको. आणि स्वयंपाकघरात धुराचा लावू नका, फोडणी पडली की वाजेल, दोनदा वाजला की घरातलेच काढून फेकतील. तिथे हीटवाला लावा, तो साधारण ५७ डिग्रीला वाजतो, मिरचीची फोडणी कितीही जोरात पडली तरी त्याला काही होत नाही.

ताई जिन्याखाली मीटर आहे का तुमचा? जुन्या वाड्यांत असतो. आणि स्कूटर कुठे चार्ज करता?

मांडवीची_सून | ५ डिसेंबर, दुपारी १२.३०

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नीट समजावलंत. वायरमन दादा, मीटर जिन्याखालीच आहे आणि ह्यांची इलेक्ट्रिक स्कूटरपण रात्री तिथेच चार्जिंगला असते! वर जायला तोच एक जिना. हे वाचल्यावर काल रात्रीपासून स्कूटर चौकात काढलीय.

आता असं ठरवलंय. गीझर न्हाणीतून काढून मागच्या उघड्या गच्चीत पत्र्याच्या छपराखाली लावायचा, मिस्त्री म्हणतो नऊ-दहा फूट पाइप जास्त लागेल आणि पाणी गरम यायला जरा वेळ लागेल, चालेल. तोपर्यंत मुलींना साधा इलेक्ट्रिक गीझर, त्याचं बिल मी भरणार. झरोक्याला डासांची जाळी बसवतेय म्हणजे थर्माकोलची गरजच नको. स्मोक अलार्म जिन्याच्या वर, मुलींच्या दोन्ही खोल्यांत आणि खाली आमच्या निजायच्या खोलीत, सगळे जोडलेले. स्वयंपाकघरात हीटवाला. सीओ अलार्म वर एक खाली एक.

दोन शंका राहिल्या. देवघराचं काय? आणि आम्ही मागच्या वर्षीच बाटला सोडून पाइप घेतला, शेगडी तीच आहे, गीझरपण तोच, त्याला काही करावं लागतं का?

निवृत्त_रिफायनरी | ५ डिसेंबर, दुपारी १.१०

दुसरी शंका फार महत्त्वाची. एलपीजी आणि पीएनजीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्रं, वेगळे असतात, प्रेशर वेगळं आणि गॅसची ताकद वेगळी. पाइप देताना कंपनीचा माणूस शेगडीचे जेट बदलतो, गीझरचे राहून गेले का ते विचारा. काही गीझर बदलताच येत नाहीत, ते पीएनजीचेच नवे घ्यावे लागतात. उलटं तर जास्त वाईट, पीएनजीसाठी मोठे केलेले जेट आणि जोडला बाटला, की पिवळी ज्योत, भांड्यांना काजळी आणि सीओ. घर बदलताना शेगडी सोबत नेणाऱ्यांनी हे तपासायलाच हवं. या कामाला गॅस कंपनीचाच माणूस बोलवा, नाक्यावरचा नको.

वायरमन_प्रतापनगर | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०

देवघराच्या खोलीत धुराचा लावूच नका, बाहेरच्या पॅसेजमध्ये दहा फुटांवर लावा. उदबत्तीने सहसा वाजत नाही, धूप आणि होम असेल तर वाजेल, तेवढ्यापुरतं त्यावरचं हशचं बटण दाबायचं, काही मिनिटं गप्प राहतो आणि आपोआप परत चालू होतो. वर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, लोक बांधतात आणि सोडायची विसरतात. दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येकावरून मऊ ब्रश नाहीतर व्हॅक्युम फिरवा, आत कोळी आणि धूळ गेली की उगाच वाजतो. घर रंगवताना मात्र उतरवून ठेवायचा, रंग लागला तर गेला कामातून.

सुरसागर_७२ | ५ डिसेंबर, रात्री ९.२०

काकांचा हिशेब आमच्या न्हाणीला लावून बघितला, आमची तर त्याहून लहान निघाली, चार बाय सहा. मुलगा सातवीत आहे आणि तोच रोज शेवटी आंघोळीला जातो. उद्या प्लंबर येतोय, गीझर गॅलरीत घेतोय. पण गॅलरीला आता काचेच्या स्लायडिंग खिडक्या आहेत, थंडीत बंद असतात. तिथे चालेल का?

निवृत्त_रिफायनरी | ५ डिसेंबर, रात्री ९.४५

काच बंद असेल तर ती गॅलरी नाही, ती पण खोलीच. एक काच कायमची काढा आणि तिथे जाळी बसवा, खाली फरशीलगतही एक जाळी ठेवा. गॅलरीचं दार ज्या खोलीत उघडतं त्या खोलीत सीओ अलार्म लावा. आणि प्लंबर गेल्यावर आंघोळीइतका वेळ गीझर चालवून त्या अलार्मच्या डिस्प्लेवरचा आकडा बघा, शून्य राहायला हवा. आकडा दाखवणाराच घ्या, थोडा महाग पडतो पण वाजण्याच्या आधीच काय चाललंय ते दिसतं.

मांजलपूरकर | ६ डिसेंबर, सकाळी ९.००

रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे, दोन ठराव मांडतोय. न्हाणीत किंवा बंद गॅलरीत गॅस गीझर असलेल्या फ्लॅटने तो उत्तरायणाच्या आत बाहेर घ्यायचा, आणि भाड्याने दिलेल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये मालकाने स्मोक आणि सीओ अलार्म लावून द्यायचा, भाडेकराराची कॉपी ऑफिसात जमा करताना त्याचा फोटो जोडायचा. कायदा नसला तरी सोसायटीला ठराव करायला कोणी अडवत नाही. दांडिया बाजारच्या फायर स्टेशनात जाऊन त्यांचा माणूस मीटिंगला येऊन दाखवून देईल का तेही विचारणार आहे. डॉक्टर, तुम्हाला रविवारी सकाळी अर्धा तास जमेल का? ऑक्सिमीटरचं तुम्ही लिहिलंत ते लोकांनी डॉक्टरच्या तोंडून ऐकायला हवं.

बडोद्याचा_डॉक्टर | ६ डिसेंबर, दुपारी ३.०५

येतो. अकराच्या आधी ठेवा, नंतर राउंड असतो. आणि मीटिंगला घरातल्या बायकांना, मोठ्या मुलांनाही बोलवा, नुसते फ्लॅटचे मालक नकोत. दार कोण उघडणार आणि १०८ ला फोन कोण करणार ते त्यांच्यावरच येतं.